आजोबांची गिटार विकायचीय

प्रश्न : माळ्यावर आजोबांची जुनी मार्टिन गिटार सापडली. विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का?
– एक वाचिका, परभणी

उत्तर : ताई, पॉलिशचं नावही काढू नका! मूळ थर खरवडला की जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतं. आधी ती माळ्यावरून खाली आणा, तारा सैल करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्र्याखाली लाकूड तडकतं, जुनं तर हमखास. मग भोकातून टॉर्च मारा. दांडी आत जिथं बसते त्या ठोकळ्यावर क्रमांक ठोकलेला दिसेल. त्यावरून साल कळतं. पाठ ब्राझिलियन रोझवूडची असेल तर परवान्याशिवाय परदेशी पाठवू नका. १९९२पासून त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. भाव मात्र पुण्या-मुंबईच्या दोघा-तिघांना विचारा, पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका.