संस्थेचे पदाधिकारी युवा गटातल्या मुलांना परस्पर मेसेज करतात, त्यांना कसं थांबवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात एका संस्थेचा युवा गट तुम्ही विनामोबदला चालवता, मुलं १३ ते १९ वयाची. संस्थेचे उपाध्यक्ष तुम्हाला न विचारता मुलांना सूचना देतात, ठरलेले कार्यक्रम फिरवतात. आणि एका १५ वर्षांच्या मुलीला त्यांनी रात्री अकरानंतर ‘झोपलीस का’, ‘फोटो टाक ना’ असंही लिहिलंय. त्यांना न दुखावता हे कसं थांबवावं?

शेवटचं आधी घेते, कारण तिथे ‘न दुखावता’ हा शब्दच काढून टाका. उद्या त्या मुलीच्या आईवडिलांना भेटा. चॅट तिच्या फोनवर जसंच्या तसं राहू द्या, स्क्रीनशॉट कुठल्याही ग्रुपवर फिरवू नका. मुलीला खोदून खोदून विचारू नका. तिने जेवढं सांगितलं तेवढं तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. ‘आपसात मिटवू’ म्हणत दोघांना समोरासमोर बसवणारी बैठक तर अजिबात नको. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. लैंगिक हेतूने फोनवरून वारंवार संपर्क साधणं त्याच्या कलम ११ मध्ये येतं, आणि असा गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडेल अशी भीती असेल तर पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. हेतू होता की नव्हता, हे ठरवायला आपण बसायचं नाही. काय करावं सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आता उरलेल्या भागाकडे येते. तो मी स्वतः भोगलाय, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असाच गट चालवते. आमच्या संस्थेचे कार्याध्यक्ष, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. माणूस मनाने वाईट नाही. शिबिराला टेम्पो त्यांचा, सरावाला हॉल त्यांचा, थंडीत भरीत पार्टी त्यांच्याच शेतात. म्हणूनच कोणी बोलत नाही. मी तक्रार केली की ठरलेलं उत्तर, ‘कसाले मनवर लेस ताई.’

एका डिसेंबरात सातपुड्यातल्या पाल गावी शिबिर होतं. पहाटे पाच वाजेला एसटी स्टँडवर जमायचं, असं ग्रुपवर ठरलेलं. आदल्या रात्री आप्पांनी तीन मुलांना परस्पर कळवलं की गाडी सात वाजेला निघेल, तीही त्यांच्या दुकानापासून, कारण तिथे बॅनरसमोर फोटो काढायचा होता. तिघांनी दहा जणांना सांगितलं, बाकीच्यांना कळलंच नाही. पाच पोरं मफलर गुंडाळून स्टँडच्या बाकावर दोन तास कुडकुडत बसली. त्यातली एक आठवीतली होती, तिचे वडील तिला सोडून रावेरच्या केळीच्या गाडीवर निघून गेले होते.

मी काय केलं? त्याच रात्री शिबिरातून ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, आप्पांचं नाव घेऊन. ग्रुपवर मुलं, पालक, सगळेच. मग काय, आप्पांचं एकच वाक्य, ‘ताई, कार्याध्यक्ष मी आहे.’ पुढचे दोन महिने हॉलला कुलूप, आणि त्यांच्या भावकीतली दोन मुलं गट सोडून गेली.

शेवटी मी एका जुन्या विश्वस्तांना, तात्यांना, सोबत घेऊन त्यांच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. एवढंच म्हटलं, “आप्पा, पोरं पाच वाजेपासून थंडीत बसली होती. काही बदल असला तर मला फोन करा, मुलांना मी कळवते.” मागचं उगाळलं नाही, माफी मागितली नाही, मागायलाही लावली नाही. आप्पा हिशेबाची वही बघत राहिले. चहा मागवला. “बरं,” म्हणाले. तात्या सोबत नसते तर ते ‘बरं’ हवेत गेलं असतं.

त्यावर कार्यकारिणीत ठराव करून घेतला. मसुदा देते, हवा तर उचला: ‘युवा विभागातील १८ वर्षांखालील सदस्यांना सर्व सूचना गटप्रमुख किंवा उपगटप्रमुखच देतील, त्याही गटाच्या ग्रुपवर. कोणाही मोठ्या व्यक्तीला मुलांशी व्यक्तिगत बोलायचं असल्यास पालक किंवा दुसरा मोठा स्वयंसेवक त्या संभाषणात असेल. रात्री नऊनंतर संपर्क नाही, प्रवासातली अडचण वगळता.’

‘कोणाही मोठ्या व्यक्तीला’ हे शब्द सोडू नका. ठराव एका माणसाविरुद्ध दिसला तर तो पडतो. पण मग तो आपल्यालाही लागतो, आणि हे मला जड गेलं. महिन्याभरातच एका मुलीचा रात्री पावणेअकराला मेसेज आला, ‘ताई बोलायचंय.’ तिच्या घरी भांडणं असतात हे मला माहीत होतं. मी आमच्या दुसऱ्या ताईंना घेऊन तिघींचा ग्रुप केला आणि तिथे उत्तर दिलं. तिने वाचलं आणि काही लिहिलं नाही, पुढचे कित्येक दिवस नाही. नियम बरोबर होता, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. आता नवीन मूल आलं की पहिल्याच दिवशी सांगते की मला लिहिलंस तर दुसरी ताईही वाचेल, आणि जिवावरचं असेल तर वेळ बघायची नाही, सरळ फोन करायचा.

दोन बारीक गोष्टी. उपाध्यक्षांकडे मुलांचे नंबर बहुतेक ग्रुपमधूनच गेले असणार. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी तयार करून सूचना तिथे दिल्या तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. म्हणून उपाध्यक्ष कितीही रुसले तरी त्यांना अ‍ॅडमिन करू नका. दुसरं, संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा उतारा (त्यात विश्वस्तांची नोंद असते) आणि संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत काढा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो दिलेलाच नसतो आणि लेटरहेडवरचे उपाध्यक्ष कागदावर साधे सभासद निघतात. आमचे आप्पा मात्र कागदावरही कार्याध्यक्षच निघाले, तो डाव माझा फसला.

टेम्पो अजून त्यांचाच येतो. गेल्या शिबिराच्या आदल्या रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, “ताई, गाडी साडेचारला लावू का पाचला?” मुलांपैकी कोणाला कळवलंय का, असं मी विचारलं. “नाही ना, म्हणून तर तुले फोन करी राह्यनू,” म्हणाले.