उंची ५ फूट, अंगाने भरलेली, लग्न मे महिन्यात परभणीला. काठ रुंद की बारीक, कोणती पैठणी शोभेल?

बारीक काठाची, अंगभर एकाच गडद रंगाची सहावारी घ्या, आणि बुट्टे लहान, विरळ असू द्या. मी संभाजीनगरात नवरीचे ब्लाऊज शिवते, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर दिसतं: रुंद काठ कमी उंचीच्या मुलीच्या पायाशी जाड पट्टा उमटवतो आणि ती आणखी बुटकी दिसते. भरगच्च पदराची हौस असेल तर तो खांद्यावर बारीक निऱ्या घालून पिनअप करा, मोकळा सोडू नका. आत चुण्यांचा परकर नको, अंगालगतचा घ्या. कमरेला फुगवटा येत नाही. साडी नेसून बघताना लग्नात घालायच्याच चपला पायात हव्यात.

मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणून ब्लाऊजला सुती अस्तर लावाच. बाही कोपरापर्यंत, काखेत थोडी सैल.

घेताना काठ-पदर उलटून बघा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच सुबक दिसते, यंत्रमागावरच्या बहुतेक साड्यांत मागे सुटे धागे लोंबतात. पैठणला गेलात तर मागावरच दाखवतील.

फक्त एक, मामाकडून पिवळी साडी यायची रीत तुमच्यात असेल, तर रंग ठरवण्याआधी आईला विचारा. विधींना तीच नेसायची असेल तर ही भारी पैठणी रिसेप्शनला, उन्हं उतरल्यावर नेसा.