दोन दिवसांत ट्रॉमा थेरपी?

प्रश्न : मी चिपळूणच्या एका शाळेत समुपदेशक आहे, शिक्षण एम. ए. (मानसशास्त्र). जुलै २०२१च्या पुरानंतर पावसाचा जोर वाढला की घाबरणारी मुलं अजूनही येतात. रत्नागिरीत ईएमडीआरची (आघाताची आठवण मनात आणून डोळ्यांच्या हालचाली करवून घेणाऱ्या उपचारपद्धतीची) दोन दिवसांची कार्यशाळा आहे. ‘एका सत्रात भीती कायमची जाते’ अशी जाहिरात, एका सहभागीवर सर्वांसमोर प्रात्यक्षिक आणि शेवटी प्रमाणपत्र. जावं का?

उत्तर : या जाहिरातीवर जाऊ नका. पद्धत खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकारासाठी), मुलांकरताही, तिची शिफारस केली आहे. मात्र त्यातल्या डोळ्यांच्या हालचालींमुळे नेमका किती फरक पडतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे, आणि प्रामाणिक प्रशिक्षक तो आपणहून सांगतो. फ्रान्सिन शापिरो यांच्या १९८९च्या पहिल्या अभ्यासात २२ जण होते आणि सत्र एकच होतं. आजची पद्धत आठ टप्प्यांची आहे. पहिले दोन टप्पे पूर्वेतिहास आणि तयारीचे; घाईत नेमके तेच गाळले जातात. मग आठवण उघडी पडते, माणूस बधिर होतो किंवा थरथरतो, आणि सत्र नीट बंद न करताच त्याला एसटीत बसवून दिलं जातं.

अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेच्या मूलभूत प्रशिक्षणात २० तास शिकवणं, २० तास देखरेखीखाली सराव आणि १० तास केसेसवर सल्लामसलत असते. दोन दिवसांत हे बसत नाही. कार्यशाळेनंतर तुमच्या केसेस कोण तपासणार, हे आयोजकांना विचारा.

प्रात्यक्षिकाला आमचा ठाम विरोध आहे. समोर तालुक्यातलेच सहकारी बसलेले असताना ‘नको’ म्हणणं सोपं नसतं. मोबाइलवर चित्रण झालं तर ते गावभर फिरतं. प्रात्यक्षिक करायचंच, तर त्यासाठी एखाद्या साध्या ताणाचा प्रसंग निवडावा, चित्रण बंद ठेवावं, मधेच थांबायची मुभा द्यावी आणि नंतर त्या व्यक्तीची विचारपूस कोण करणार, हे आधी ठरवावं.

आणि पावसाला घाबरणारं प्रत्येक मूल पीटीएसडीचं नसतं. वाशिष्ठीचं पाणी वाढलं की दप्तर माळ्यावर ठेवणारं मूल शहाणपणाने वागतंय. महिन्याहून अधिक काळ तीच दुःस्वप्नं, त्या जागा टाळणं, सतत दचकणं आणि त्यामुळे शाळा सुटत असेल, तर पालकांशी बोलून मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने यातलं कुठलंच काम तुमच्याकडे येत नाही.