वाचक विचारतात : फुटलेल्या ताऱ्याचे कण

प्रश्न : तूर राखायला रात्री जागलीवर असतो. तारा फुटला की अतिवेगवान कण सुटतात, असं वाचलं. स्फोटाच्या दणक्यानेच का हो? – एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : एका दणक्यात नव्हे, हप्त्याहप्त्याने. फेकला गेलेला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर धावतो, त्याच्यापुढे धक्कालहर उठते. लहरीच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं; विद्युतभारित कण त्यात उलटसुलट फिरून पुन्हा पुन्हा लहर ओलांडतो. ताशी 20 किमीने फेकलेला चेंडू समोरून 15 ने येणाऱ्या ट्रॅक्टरवर आपटला, तर (चेंडू अगदी टणटणीत धरून) 50 ने परततो. तसंच हे : कण म्हणजे चेंडू, समोरून येणारं चुंबकीय क्षेत्र म्हणजे ट्रॅक्टर. लहरीचा वेग सेकंदाला 5,000 किमी असेल, तर एका फेरीत ऊर्जा वाढते जेमतेम पावणेदोन टक्के. दुप्पट व्हायला चाळीसेक फेऱ्या. दर फेरीत काही कण मागे वाहून जातात, म्हणून प्रचंड ऊर्जेचे कण विरळ.

इलेक्ट्रॉनचं दुखणं वेगळं : वळताना तो क्ष-किरण फेकून कमाई उधळतो. प्रोटॉन टिकतो, पण ऊर्जेबरोबर त्याच्या वळणाचा घेर फुगतो आणि शेवटी तो निसटतो. 2013 मध्ये फर्मी या अवकाशातल्या गॅमा-किरण दुर्बिणीच्या नोंदींत फुटलेल्या ताऱ्यांच्या दोन अवशेषांतून प्रोटॉनची गॅमा-किरणांतली खूण मिळाली.