बेंबीपाशी दुखणारं लेकराचं पोट

ताई, तुमच्या पत्रातलं पाच वर्षांचं लेकरू, आठवड्यातून दोन-तीनदा बेंबीभोवती कळ, अर्ध्या तासात पुन्हा खेळायला पसार. सासूबाई म्हणतात बेंबी सरकली, आणि जंताचं औषध महिन्यात दोनदा देऊन झालं. यावरून माझा पहिला संशय खड्यावर, म्हणजे आतड्यात तुंबलेल्या कडक शीवर जातो.

"शी रोज होते" असं तुम्ही लिहिलंय. रोज होणं वेगळं, पोट साफ होणं वेगळं. लेंड्यांसारखे खडे पडतात का? की दोन-तीन दिवसांआड भलामोठा जाड गोळा? पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभा राहतो का? बघणाऱ्याला वाटतं जोर करतोय. खरं तर तो आलेली शी मागे ढकलत असतो. एकदा गुदाजवळ चीर पडून दुखलं की लेकरू शी धरून ठेवतं, धरली की ती आणखी वाळते, मग आणखी दुखतं. चड्डीला पातळ डाग लागत असतील तर त्याला जुलाब समजू नका. तुंबलेल्या खड्याच्या कडेनं ते पाझरतं, आणि अशात जुलाब बंद करायचं औषध दिलं की पोट गच्च.

दुखत नसताना उताणं झोपवा, गुडघे मुडपा, हात कोमट करून बेंबीच्या डाव्या-खालच्या बाजूला हलकेच चाचपा. कधीकधी खड्यांची माळच बोटाला लागते. लागली नाही म्हणून शंका मिटत मात्र नाही.

बेंबी सरकत नाही. वरून कोमट तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, पण जोरात चोळणं, तांब्या लावून ओढणं नको. बिब्ब्याचा चटका तर अजिबात नको. दुखत्या पोटावर एरंडेल पाजू नका. आतडं अडलेलं किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जिवावर बेतू शकतं.

जंताचं औषध आता पुरे. दोन वर्षांपुढच्या लेकराला अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी, चावून किंवा चुरून, सहा महिन्यांतून एकदा. अंगणवाडीत-शाळेत मोहिमेत मिळते ती हीच. रात्री गुदाला खाज सुटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तोही डॉक्टरांना विचारून आणि घरातल्या सगळ्यांना.

खड्यावर उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा. सकाळचं चहा-बिस्कीट बंद. दूध दिवसाला दोन कपांवर नको, कारण दुधानं पोट भरलं की भाकरीला जागा उरत नाही. पातळ वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मटकी, पेरू, पपई, मोसंबी सालीसकट नव्हे पण चोथ्यासकट. शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का ते बघा. संडास घाण म्हणून लेकरं पाणीच पीत नाहीत. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून तेव्हाच पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत राहिले तर जोर लागत नाही. रागावू नका. एवढ्यानं भागत नाही, बहुतेकदा शी मऊ करणारं औषध लागतंच. ते डॉक्टर वजनावर ठरवतात आणि निदान दोन महिने चालवतात. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद केलं की पुन्हा तेच, कारण ताणलेलं आतडं आकसायला वेळ घेतं.

आता थांबायचं नाही ते. दुखणं बेंबीकडून उजव्या खालच्या बाजूला सरकलं, लेकरू वाकून चालतंय, उडी मारायला सांगितलं तर नको म्हणतंय. उलटी हिरवी आहे. शीत रक्त आहे, पोट फुगून कडक झालंय, लघवी करताना जळजळ किंवा ताप आहे, वजन उतरतंय, रात्री दुखण्यानं जाग येते. दोन वर्षांच्या आतलं बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळतं आणि पांढरंफटक पडतं, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लाल जेलीसारखी शी होईपर्यंत वाट बघू नका. मुलगा असेल तर चड्डी काढून अंडकोषही बघा. गोटीला पीळ पडला तरी लेकरू पोटच दाखवतं, आणि हाती सहाएक तासच असतात.

यातलं काही दिसलं तर गावातल्या इंजेक्शनवर रात्र काढू नका. 108 ला फोन करा आणि जिथे सर्जन व सोनोग्राफी दोन्ही आहेत तिथेच न्या: छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडचं सरकारी रुग्णालय, जे जवळ पडेल ते. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, आणि शेवटचं काय, किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहून घ्या. भूल देणारे डॉक्टर आधी तेच विचारतात.