जुने अमेरिकन चांदीचे डॉलर जमवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

मॉर्गन डॉलरच्या (1878–1904, 1921) मागे लगेच लागू नका. तो संच शंभर नाण्यांच्या घरात जातो आणि 1893चं सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं खिसा रिकामा करतं. पीस डॉलर (1921–28, 1934–35) घ्या. सगळी मिळून 24 नाणी, त्यातली बरीचशी सहज मिळणारी. 1928चं टांकसाळ-चिन्ह (नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षर) नसलेलं आणि 1934चं ‘एस’वालं (सॅन फ्रान्सिस्कोचं) शेवटी घ्या, तेही एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच.

सुटं नाणं घेताना 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा जवळ हवा. वजन 26.73 ग्रॅम, व्यास 38.1 मिमी, चांदी 90 टक्के. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण कोरं करकरीत दिसणारं 25 ग्रॅम भरलं तर सरळ परत करा. लोहचुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. चिकटलं नाही म्हणून मात्र ते खरं ठरत नाही, पितळही चिकटत नाही. महागड्या नाण्यावरचं टांकसाळीचं अक्षर भिंगाखाली बघा, ते मागाहून डकवलेलं असू शकतं. कडेला सांधा किंवा वेगळा रंग दिसतो.

काळपटपणा घासू नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही नको! घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवट चिकट थर चढतो, म्हणून मायलारची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं वापरा.