सप्टेंबरात सागाची जाळी होते तेव्हा

प्रश्न : आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात आहे. सप्टेंबर लागला की भोवतालचे सागाचे जंगल वणवा लागून गेल्यासारखे तपकिरी दिसू लागते आणि हाती घेतलेल्या पानाची नुसती जाळी उरलेली असते. ही झाडे मरतील का? जंगलावर कीटकनाशक फवारावे, अशी मागणी ग्रामसभेतून करावी काय? माझ्या बांधावरही चार वर्षांची दोनशे सागाची झाडे आहेत.

उत्तर : आपण वर्णन केलेली जाळी ही सागाच्या पानाच्या शिरा सोडून मधला हिरवा गर खाणाऱ्या अळीची खूण आहे. तिचा उपद्रव पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो. त्या वेळी पाने जून झालेली असतात, झाडाची त्या वर्षीची वाढ बरीचशी उरकलेली असते आणि थोड्याच महिन्यांत पानगळही व्हायची असते. त्यामुळे दृश्य कितीही भयंकर वाटले तरी केवळ या अळीने मोठे झाड मरत नाही.

खरे नुकसान करते ती दुसरी अळी, आणि ती कोवळ्या पालवीवर, पावसाळ्याच्या पूर्वार्धात येते. ही अळी पानाची कड दुमडून त्यात राहते आणि मुख्य शिरा तेवढ्या ठेवून सगळे पान फस्त करते. तिचा पतंग मळकट दिसतो, परंतु पंख उघडले की मागच्या पंखांवर काळे-नारिंगी पट्टे दिसतात. पाने गेल्यावर साग साठवलेल्या अन्नावर पुन्हा पालवी फोडतो. म्हणजे जे बळ लाकूड भरण्यासाठी लागले असते, ते पाने भरून काढण्यात खर्च होते. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या तरुण रोपवनांत मोजमाप केले, तेव्हा या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडाल्याचे आढळले. याशिवाय कोवळा शेंडा मेल्यास झाडाला दोन फाटे फुटतात आणि सरळ सोट मिळत नाही. हे नुकसान लांबून दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

झाड मारणारी कीड खोडात शिरते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील मंडला परिसरात साल नावाच्या वृक्षाचे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने जो हाहाकार केला, तो या प्रकारचा होता. तेथे ताज्या तोडलेल्या सालाचे ओंडके ठेचून ठेवतात, रसाच्या वासाने आलेले भुंगेरे हाताने वेचतात आणि नष्ट करतात.

फवारणीच्या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याच तालुक्यात ढिवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात; सागावरची अळी मारणारे रसायन वाऱ्याबरोबर त्या अळ्यांनाही मारील. मधमाश्या मरतील आणि या अळ्यांच्या पोटात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही मरतील. कोतवालासारखे पक्षी अळ्या वेचून खातात, तेही विषारी खाद्याला बळी पडतील. पालवी खाणाऱ्या अळीला एका विषाणूचा रोग होतो. रोगट अळी मऊ पडून लोंबकळते आणि फुटते. केरळच्या याच संस्थेने तो विषाणू वेगळा करून रोपवनांत फवारून पाहिला आहे. नियंत्रण करायचेच झाले, तर त्याची दिशा ही असावी.

बांधावरची झाडे मात्र आपण सांभाळू शकता. नवी पालवी आल्यापासून जुलैअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत, दुमडलेल्या कडा अळीसकट चुरडाव्यात आणि अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. ज्यांचा शेंडा गेला असेल, त्या झाडांच्या फुटव्यांपैकी सर्वांत सरळ व जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढावेत. सप्टेंबरातील जाळीसाठी काहीही फवारू नये.